'राऊळ' शब्दाच्या अर्थाविषयी

'राऊळ' म्हणजे देऊळ, असा पर्याय देऊन आपले टीकाकार पुढे सरकतात. अंबरनाथ-बदलापूरच्या भजनी मंडळांत हाच अर्थ रूढ आहे, मुम्मुणी शिलाहाराच्या काळातील, शके 982 (इ. स. 1060) चा लेख असलेल्या अंबरनाथच्या शिवालयास कोणी राऊळ म्हटले तर ते शोभेलही. परंतु हा अर्थ महानुभाव गद्यास लावला की घोटाळा होतो.

'राजकुल' शब्दातील ज आणि क लोपून 'राउल' व पुढे लकाराचा ळकार होऊन 'राऊळ' सिद्ध झाले. 'देवकुल'पासून 'देऊळ' ह्याच वाटेने आले. दोहोंतील 'कुल' गृहवाचक आहे, हे विद्यार्थी हमखास विसरतात. तेराव्या शतकातील महानुभावांच्या लेखी मात्र राऊळ ही व्यक्ती आहे. पंचकृष्णांत चांगदेव राऊळ आणि गुंडम राऊळ, म्हणजेच गोविंदप्रभू, येतात. ऋद्धिपूरचे लोक ह्या गोविंदप्रभूंना आई मानोत वा बाप, म्हणतात 'राऊळ'च. म्हाइंभटकृत चरित्रात तेथे 'मंदिर' घालून पाहावे. इमारत जेवू लागते, रागावू लागते! शिवाय देवतापूजा नाकारणाऱ्या पंथाच्या परमेश्वरवाचक शब्दास देवळाच्या भिंतींत कोंडणे, हा सिद्धान्ताचाच विपर्यास होय.

वास्तूचे नाव धन्यास मिळणे नवे नाही. मेवाडच्या तेराव्या शतकातील लेखांत 'महाराजकुल' हे राजाचे बिरुद आहे. बदरीनाथचा मुख्य पुजारीही 'रावळ'च.

मग मंदिर हा अर्थ कोठून आला? 'देऊळ'शी असलेल्या ध्वनिसाम्याने, हे उत्तर सहज सुचते. मला ते अपुरे वाटते. फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीस 1949 मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथे संताची गादी असलेल्या पूजास्थानास 'दरबार' म्हणतात. राजसभेचा हा शब्द गादीवरील सत्पुरुषामुळे त्या जागेस चिकटला. राऊळाचेही तसेच झाले असावे: आधी राजगृह, मग त्यातील धनी, आणि त्या धन्याच्या ठायी देव कल्पिल्यावर देवाचे घर. पंढरीच्या विठ्ठलास काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत राजोपचारच घडतात.

म्हणून पाठ्यग्रंथांच्या शब्दसूचींत 'राऊळ'चे हे तीनही अर्थ वेगळे नोंदवावेत, आणि महानुभाव उताऱ्यांखाली तरी 'मंदिर' हा पर्याय छापू नये.