वाढते शरीर, बदलती चाल : नरवानर गणाविषयीच्या एका स्पष्टीकरणाची चिकित्सा

नरवानर गणातील पिल्ले ही प्रौढांच्या केवळ लहान प्रतिकृती नव्हेत, हे आता सर्वमान्य आहे. मात्र त्यांची चाल व अंगस्थिती प्रौढांहून वेगळी का असते, याचे उत्तर देताना शरीराचे आकारमान हे एकच कारण पुढे करण्याची प्रवृत्ती दिसून येते. या स्पष्टीकरणाचे सामर्थ्य आणि मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या स्पष्टीकरणाचा पाया भूमितीय आहे. शरीराची लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट होते. स्नायूंच्या व हाडांच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र चौपटच होते. त्यामुळे पिल्लू ज्या फांदीवर सहज लोंबकळते, ती प्रौढाच्या भाराने वाकते. डायान डोरान यांनी १९९७ मध्ये रवांडातील करिसोके येथील पर्वतीय गोरिला आणि आयव्हरी कोस्टमधील ताई अरण्यातील चिंपांझी यांची तुलना केली. वय समान न धरता आकारमान समान धरले, तर दोन्ही जातींच्या पिल्लांच्या हालचालींत मोठे साम्य आढळते, हे त्यांनी दाखविले. शरीर वाढते तसे लोंबकळणे कमी होते व बोटांच्या पेरांवर भार देऊन चालणे वाढते. गोरिलांची वाढ जलद होत असल्याने ते या टप्प्यावर लवकर पोहोचतात. वयाऐवजी आकारमान हा तुलनेचा आधार मानणे हे या अभ्यासाचे मोठे योगदान होय.

तथापि या मांडणीत दोन अडचणी राहतात. पहिली अधिवासाची. विरुंगा पर्वतावर चढण्याजोगे वृक्ष मोजके, तर ताई हे उंच वृक्षांचे वर्षावन. मेलिसा रेमिस यांनी १९९५ मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील सखल प्रदेशातील गोरिला वृक्षांवर बराच वावर करतात, असे नोंदविले. म्हणजे प्रौढ गोरिला जमिनीवर राहतो तो केवळ वजनामुळे, असे म्हणता येत नाही. सॅरिंगहाउस, मॅकलॅची व मितानी यांचा युगांडातील न्गोगो येथील चिंपांझींचा २०१४ मधील अभ्यास एकाच अरण्यातील असल्याने ही अडचण टाळतो. लहानपणी पुढच्या अवयवांवर असलेला भर पुढे मागच्या अवयवांकडे सरकतो, असे त्यात दिसते. परंतु तेथेही वय, वजन व मातेवरील अवलंबित्व एकत्रच बदलतात.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. वाढ म्हणजे केवळ मोठे होणे नव्हे. तीत शरीराची प्रमाणेही बदलतात. डेव्हिड रायक्लेन यांनी २००५ मध्ये बबून पिल्लांच्या बाबतीत हे स्पष्ट केले. आईच्या केसांना घट्ट धरण्यासाठी पिल्लांचे हातपाय टोकाकडे तुलनेने जड असतात. पकडीची गरज ओसरते तसे अवयवाचे वस्तुमान धडाकडे सरकते आणि पावलांची लय बदलते. येथे चालीचे कारण वजनात नसून वजनाच्या वाटणीत आहे, आणि त्या वाटणीचे कारण आईला बिलगण्याच्या गरजेत आहे.

हा वाद केवळ तांत्रिक नाही. इथिओपियातील दिकिका येथील सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रेलोपिथेकस अफारेन्सिस बालिकेच्या अवशेषांचे वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तिचा खांद्याचा फरा गोरिलासदृश आहे. हे वृक्षारोहणाचे लक्षण, की बाल्यावस्थेचा तात्पुरता टप्पा? ग्रीन व अलेमसेगेड यांनी २०१२ मध्ये मानव आणि वानर यांच्यात वाढीबरोबर फऱ्याची घडण कशी बदलते हे पाहून, या जातीत वृक्षारोहणाला स्थान होते, असा निष्कर्ष काढला. वाढीचा क्रम ठाऊक नसता, तर त्याच हाडाचे दोन्ही अर्थ सारखेच संभवले असते.

सारांश, आकारमान हे आवश्यक कारण आहे. ते पुरेसे कारण नव्हे. आकारमान, प्रमाणबद्धता, अधिवास आणि मातेवरील अवलंबित्व यांची नोंद स्वतंत्रपणे ठेवून त्याच पिल्लांचा दीर्घकाळ मागोवा घेतला, तरच बाल्यावस्थेतील चालीवरून उत्क्रांतीविषयी काढलेली अनुमाने विश्वसनीय ठरतील.