‘आयडॉल’ की ‘इमेज’? : औंढ्याच्या कथेतील एक शब्दविवेक

कोशात शेजारी बसणारे समानार्थी शब्द भाषांतरात एकमेकांची जागा घेऊ शकतातच असे नाही. नामदेव-विसोबा भेटीची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. परंपरा हा प्रसंग हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील मानते. पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले विसोबा खेचर, जेथे देव नसेल तेथे आपले पाय उचलून ठेवण्यास नामदेवांना सांगतात. आणि पाय ठेवावेत तेथे पिंडीच प्रकटते. इंग्रजी भाषांतरकाराने या पिंडीस ‘आयडॉल’ म्हणावे की ‘इमेज’?

‘आयडॉल’चे ग्रीक मूळ आभास, छायारूप या अर्थाचे आहे. बायबलच्या ग्रीक भाषांतरात ते परकीयांच्या खोट्या दैवतांस लावले गेले आणि निषेधाची छटा त्या शब्दास चिकटली. ‘इमेज’ लॅटिनमधून आला. त्यात प्रतिकृतीचा भाव आहे, निषेधाचा नाही. पहिला शब्द योजताच विसोबा मूर्तिभंजक ठरतात. वस्तुतः पिंडी मिथ्या आहे असा कथेचा निष्कर्ष नसून, पिंडीवाचून रिते असे स्थळच नाही, असा आहे. म्हणून दोहोंत ‘इमेज’ बरा. तथापि पिंडी ही कोणाची प्रतिकृती नव्हे. तेव्हा ‘लिंग’ हा मूळ शब्द राखणेच अधिक इष्ट.

यावर दोन आक्षेप संभवतात. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. त्यांपैकी एका पदात, एक दगड पुजावा आणि दुसरा पायदळी तुडवावा या विसंगतीवर बोट ठेवले आहे. मग ‘आयडॉल’ नामदेवांस परका कसा? परंतु तेथेही शब्द आहे तो दगडाचाच. ‘स्टोन’ने काम भागत असता ‘आयडॉल’ योजणे म्हणजे भाषांतरकाराचे भाष्य संतांच्या मुखी घालणे होय. दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत गणेशमूर्तीस सर्रास ‘आयडॉल’ म्हणतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या विसर्जनविषयक मार्गदर्शक सूचनांतही तोच शब्द आहे. येथे त्याची निषेधछटा झिजली आहे, हे मान्य करावे लागते. परंतु विसर्जनाच्या सूचनांत मूर्तिपूजेच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न उपस्थित होत नाही. औंढ्याच्या कथेत तोच मध्यवर्ती आहे. तेथे झिजलेली छटा पुन्हा उठून दिसते.

सारांश, पर्यायशब्दांची निवड केवळ अर्थसाम्यावर करता येत नाही. कथा ज्या प्रश्नाचे उत्तर शोधते, त्याचे उत्तर शब्दाने आधीच देऊन टाकू नये, ही कसोटी येथे निर्णायक ठरते.