रिॲलिटी शो : निकालाआधीचा निकाल

टीव्हीवरील स्पर्धांचे निकाल निर्माते आतून फिरवतात का, हा प्रश्न महाराष्ट्रात प्रत्येक महाअंतिम सोहळ्यानंतर विचारला जातो. ‘आधीच ठरलेलं होतं’ हे हरलेल्या स्पर्धकाच्या चाहत्यांचे ठरलेले उत्तर. मतमोजणीतली लबाडी परदेशात काही ठिकाणी सिद्ध झाली आहे. मराठी कार्यक्रमांबाबत तशी सिद्ध झालेली नाही. मात्र निर्मात्याचा हात मतमोजणीच्या कितीतरी आधीपासून कामाला लागलेला असतो. स्पर्धक कोण, तो किती वेळ दिसणार, नियम कधी बदलणार, हे सगळे तोच ठरवतो. यात बेकायदा काही नाही, पण प्रेक्षकाला ते सांगितले जात नाही, आणि या कलाप्रकाराचे दुखणे तिथेच आहे.

सुरुवातीला निकाल जाणकारांच्या हाती होता. १९९५ मध्ये सुरू झालेल्या हिंदी ‘सा रे ग म’मध्ये शास्त्रीय संगीतातले मान्यवर परीक्षक बसत. २००४ मध्ये ‘इंडियन आयडॉल’ आले आणि एसएमएसने प्रेक्षक मतदार झाला. मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत पहिला विजेता ठरला. जवळपास दोन दशकांनी उपविजेता अमित साना याने अंतिम फेरीआधी आपल्या मतदानाच्या लाइन बंद ठेवल्याचा आरोप केला. सावंतने तो मान्य केला नाही. मतांचे आकडे त्याच वेळी जाहीर झाले असते, तर या वादाचा निवाडा तेव्हाच झाला असता.

मराठीत २००८-०९ चे ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ हे या प्रकाराचे शिखर मानले जाते. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत स्वरांच्या नावाने गुण देत, आणि ‘वरचा सा’ मिळाला की घरोघरी आनंद होई. कार्तिकी गायकवाड जिंकली. आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत यांच्या चाहत्यांनी निकालावर बराच वाद घातला. तरी वादाचा विषय गाणे हाच होता. मुलांचे सूर, ताल, गाण्याची निवड यांवर प्रेक्षक हिरिरीने बोलत होते. स्पर्धेचे यश तेच होते.

पुढे भर गाण्यावरून गोष्टीवर सरकला. स्पर्धक टीव्हीवरच्या परीक्षकांसमोर येतो तो निर्मात्यांच्या माणसांनी घेतलेल्या प्राथमिक फेऱ्या पार करून. तिथे गळ्याइतकीच घरची हकिगतही तोलली जाते. हिंदी कार्यक्रम गुणांपेक्षा स्पर्धकाच्या गरिबीला अधिक महत्त्व देतात, अशी टीका २०२१ मध्ये खुद्द अभिजीत सावंतने केली. त्याच वर्षी ‘इंडियन आयडॉल’च्या किशोरकुमार विशेष भागानंतर पाहुणे म्हणून आलेले त्यांचे पुत्र अमित कुमार यांनी सांगितले की, सर्वांचे कौतुक करा, अशी सूचना त्यांना आधीच मिळाली होती. मंचावरची दादच ठरवून दिलेली असेल, तर ती ऐकून मत देणाऱ्याचे मत कितपत स्वतंत्र राहते?

‘बिग बॉस मराठी’ हा प्रकार आणखी वेगळा. १९९९ च्या डच ‘बिग ब्रदर’वर बेतलेला हा कार्यक्रम २०१८ मध्ये मराठीत आला. घरातल्या चोवीस तासांतून जेमतेम एका भागापुरते चित्रण निवडले जाते. भांडण दिसले पण त्याआधीची चिथावणी कापली गेली, तर चिथावला गेलेला माणूसच खलनायक ठरतो. शनिवार-रविवारी सूत्रसंचालक कोणाची कानउघाडणी करतो, वाइल्ड कार्ड कोणत्या आठवड्यात येते, एलिमिनेशन कधी रद्द होते, यावरही मतांचा ओघ वळतो. २०२४ चे पाचवे पर्व शंभर दिवसांऐवजी सत्तर दिवसांतच संपवले गेले. सूरज चव्हाण जिंकला, अभिजीत सावंत उपविजेता ठरला. पर्व लांबले असते तर निकाल हाच लागला असता का, हे कोणीच सांगू शकत नाही. दुसरीकडे २०१९ मध्ये अमरावतीचा शिव ठाकरे जिंकला, तेव्हा मुंबई-पुण्याबाहेरच्या प्रेक्षकाच्या मताचे वजन दिसले. निर्मात्याचा प्रभाव मोठा असला, तरी प्रेक्षक अगदीच निष्प्रभ नसतो.

मतमोजणीतली लबाडी कशी उघड होते, हे दक्षिण कोरियाने दाखवले. जुलै २०१९ मध्ये ‘प्रोड्यूस एक्स १०१’ या टीव्ही स्पर्धेतील मतांचे आकडे जाहीर झाले, तेव्हा लागोपाठच्या क्रमांकांमध्ये २९,९७८ मतांचाच फरक पुन्हा पुन्हा येत असल्याचे चाहत्यांच्या लक्षात आले. चौकशी झाली आणि २०२० मध्ये निर्माता आन जून-यंग याला दोन वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये फोन-मतदानातील गैरप्रकारांबद्दल नियामकाने २००८ मध्ये आयटीव्हीला ५६ लाख ७५ हजार पौंड दंड केला. अमेरिकेत ‘ट्वेंटी-वन’ या प्रश्नमंजूषेतील उत्तरे आधी पुरवली जात होती; ते उघड झाल्यावर १९६० मध्ये अशी लबाडी गुन्हा ठरवली गेली.

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. २००७ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’च्या प्रेक्षक-स्पर्धेसाठी एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे लागत. बक्षिसाचे पैसे याच एसएमएसमधून निघतात आणि ते प्रेक्षकांना सांगितले जात नाही, अशी तक्रार झाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वाहिनी आणि मोबाइल कंपनीला एक कोटी रुपये भरायला सांगितले. पुराव्याअभावी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो आदेश रद्द केला. तक्रारदाराला पुरावा मिळणे किती अवघड आहे, हे यातून दिसते. सगळी आकडेवारी कंपन्यांकडेच असते.

या लपवाछपवीचा सर्वाधिक फटका मोठ्या शहरांपासून दूरच्या कलावंताला बसतो. गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी हा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, गावचे मंडळ वडसा भागातील कंपनीचे नाटक ठरवते, तिकिटे विकते आणि रात्रभर प्रयोग रंगतो. गाणे भिडले तर वन्स मोअर तिथल्या तिथे मिळतो, फसले तर तेही लगेच कळते. या रंगभूमीवर तयार झालेला गळा ऑडिशनसाठी नागपूरला किंवा मुंबईला जातो, तेव्हा कोणत्या निकषावर तो नाकारला गेला, हे त्याला कळत नाही. खर्च, हेलपाटा आणि अपमान मात्र त्याच्या वाट्याला येतो.

उपाय कठीण नाहीत. प्राथमिक फेरीचे निकष आधी छापावेत. प्रत्येक आठवड्याची मते स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून तपासून आकड्यांसह जाहीर करावीत. नियम बदलला, एलिमिनेशन रद्द झाले किंवा परीक्षकांना सूचना दिली गेली, तर ते त्याच भागात पडद्यावर सांगावे. मनोरंजनासाठी गोष्ट रचण्याचा हक्क निर्मात्याला आहे, पण स्पर्धा म्हणून मते मागितली की हिशेब देण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. हा हिशेब मिळेपर्यंत विजेत्याच्या खऱ्या गुणांवरही संशयाची सावली राहील, आणि तो अन्याय हरलेल्याइतकाच जिंकलेल्यावरही आहे.