'सारांश' : पुत्रशोकाचे दोन चेहरे

प्रस्तावना

हिंदी चित्रपटात मृत्यू विपुल आहेत. शोक मात्र क्वचितच आढळतो. पडद्यावरचा मृत्यू बहुधा सूडाचे निमित्त ठरतो किंवा कथानकाला वळण देऊन विसरला जातो. मृत्यूनंतर घरात उरलेल्या माणसांचे दिवस कसे जातात, ही गोष्ट व्यावसायिक चित्रपटाला सहसा सांगण्याजोगी वाटत नाही. महेश भट्ट दिग्दर्शित आणि राजश्री प्रॉडक्शन्स निर्मित 'सारांश' (१९८४) हा या दृष्टीने महत्त्वाचा अपवाद आहे. भारतातर्फे ऑस्करसाठी पाठविलेला हा चित्रपट अनुपम खेर यांच्या भूमिकेमुळे विशेष गाजला. तिशीही न गाठलेल्या या नटाने निवृत्त, वृद्ध मुख्याध्यापक साकारला आणि फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळविला. त्यामुळे 'सारांश'ची चर्चा प्रामुख्याने बी. व्ही. प्रधान या व्यक्तिरेखेभोवती फिरत राहिली. प्रस्तुत लेखात प्रधानांच्या बरोबरीने त्यांची पत्नी पार्वती हिच्या शोकाचा विचार केला आहे. चित्रपट या दोघांच्या दुःखाला समान न्याय देतो काय, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

कथानक आणि पार्श्वभूमी

प्रधान दांपत्य मुंबईतील शिवाजी पार्क परिसरात राहणारे, मराठी मध्यमवर्गीय. त्यांचा एकुलता मुलगा अजय न्यूयॉर्कमध्ये लुटारूंच्या हल्ल्यात मारला जातो. उतारवयात आधार तुटलेले हे दांपत्य घरातील खोली सुजाता या होतकरू अभिनेत्रीला भाड्याने देते. सुजाताचे विलासवर प्रेम असते. विलास हा गजानन चित्रे या दांडग्या राजकारण्याचा मुलगा. सुजाताला दिवस जातात तेव्हा चित्रे तिच्यावर गर्भपातासाठी दबाव आणतो. प्रधान तिच्या पाठीशी उभे राहतात. पार्वतीच्या मनात मात्र, अजयच सुजाताच्या पोटी पुन्हा जन्माला येणार आहे, ही श्रद्धा दृढ होत जाते.

चित्रपटाची भाषा हिंदी असली तरी त्यातील घर मराठी आहे. शिक्षकी पेशातून आलेला ताठ कणा आणि हात पसरण्याचा संकोच यांतून ते लगेच ओळखीचे होते. गजानन चित्रेच्या भूमिकेत निळू फुले आहेत. 'सामना'मधील हिंदूराव धोंडे पाटील पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला या माणसाच्या सत्तेचा अंदाज फार संवादांवाचून येतो.

विधीविना मृत्यू

अजयचा मृत्यू परदेशात झालेला असल्यामुळे आईवडिलांना मुलाचे अंत्यदर्शन घडत नाही. हाती येतात त्या केवळ अस्थी, आणि त्याही सीमाशुल्क कार्यालयातून सोडवून घ्याव्या लागतात. टीव्ही-फ्रिजसारख्या परदेशी वस्तूंच्या मालाबरोबर मुलाच्या अस्थींसाठीही तिष्ठत राहावे लागते, तेव्हा प्रधानांचा संयम सुटतो. हा चित्रपटातील सर्वाधिक स्मरणात राहिलेला प्रसंग आहे, आणि ते केवळ अभिनयामुळे नव्हे.

आपल्याकडे मृत्यूनंतरचे दिवस परंपरेने आखून दिलेले असतात. सुतक, दहावे, बारावे, तेरावे, भेटायला येणारी माणसे या साऱ्यांतून शोकाला आकार मिळतो आणि मर्यादाही मिळते. प्रधान दांपत्याला त्या चौकटीच्या आरंभीचे निरोपाचे क्षणच लाभत नाहीत. विधीची जागा अर्ज, शिक्के आणि रांग घेतात. म्हणून कार्यालयातील प्रधानांचा उद्रेक हा भ्रष्ट यंत्रणेविरुद्धचा संताप आहेच. शिवाय तो न झालेल्या अंत्यसंस्काराची भरपाईही आहे. स्मशानात जे रडायचे राहून गेले, ते ते सरकारी टेबलासमोर रडतात.

पतीचा शोक आणि पत्नीचा शोक

येथेच दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. प्रधानांच्या दुःखाला सार्वजनिक वाट मिळते. ते अधिकाऱ्यासमोर बोलतात, गुंडांना सामोरे जातात, आणि शेवटी मुख्यमंत्र्यांपर्यंत पोहोचतात. हे मुख्यमंत्री त्यांचे जुने विद्यार्थी निघतात. वैयक्तिक शोकाचे रूपांतर नैतिक संघर्षात होते आणि त्या संघर्षात त्यांना जगण्याचे कारण सापडते.

पार्वतीला असे कोणतेही व्यासपीठ नाही. तिचे जग घर आणि देवघर यांपुरते आहे. तिचा शोक तिथल्याच साधनांनी मार्ग शोधतो आणि पुनर्जन्माच्या कल्पनेपाशी येऊन थांबतो. मुलगा गेला, तो परत येणार नाही, हे सत्य प्रधान स्वतःला बजावत राहतात. पार्वती ते नाकारते. विवेकनिष्ठ पती आणि अंधश्रद्ध पत्नी अशी सोपी विभागणी प्रेक्षकाच्या मनात तयार होते आणि सहानुभूतीचा तराजू प्रधानांकडे झुकतो.

ही विभागणी तपासून पाहण्यासारखी आहे. फ्रॉइड यांनी १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या शोक व विषण्णता यांवरील निबंधात, गमावलेल्या व्यक्तीपासून मनाने हळूहळू मोकळे होणे ही शोकाची प्रक्रिया मानली. या कसोटीवर पार्वती अडकून पडलेली ठरते. परंतु डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मधील ग्रंथात वेगळी भूमिका मांडली. मृत व्यक्तीशी असलेले नाते तुटत नाही, ते रूप बदलून चालू राहते, आणि असे चालू राहणे म्हणजे आजार नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या दृष्टीने पार्वती मुलाशी असलेल्या नात्याला नवे घर शोधते आहे. प्रधानही अस्थींसाठी झगडताना तेच करतात. फरक एवढाच की त्यांच्या धडपडीला समाज बाणेदारपणा म्हणतो आणि तिच्या धडपडीला वेड.

तथापि पार्वतीच्या श्रद्धेत एक खरा धोका आहे, आणि चित्रपटाने तो नेमका ओळखला आहे. तिचे सांत्वन दुसऱ्या स्त्रीच्या गर्भावर अवलंबून आहे. सुजाताचे मूल जन्मण्यापूर्वीच एका मृत माणसाचे नाव धारण करते. चित्रे त्या गर्भाकडे बदनामी म्हणून पाहतो, तर पार्वती त्याच्याकडे अजय म्हणून पाहते. हेतूंत जमीन-अस्मानाचे अंतर असूनही दोघांच्या नजरेत सुजाता आणि तिचे मूल स्वतंत्र उरत नाहीत. म्हणूनच संकट टळल्यावर प्रधान सुजाता आणि विलास यांना घर सोडून जाण्यास सांगतात. वरकरणी निष्ठुर वाटणारा हा निर्णय चित्रपटातील सर्वांत प्रौढ निर्णय आहे. नव्या जिवाला जुन्या शोकाचे ओझे देऊ नये, हे त्यामागचे सूत्र आहे.

चित्रपटाच्या मर्यादा

मात्र हा निर्णय प्रधानांचा आहे. पार्वतीच्या वाट्याला त्याची झळ येते. तिच्या मनात श्रद्धा कशी रुजली हे आपण पाहतो, पण ती सोडताना तिच्या आत काय घडले, हे पटकथा फारसे उलगडत नाही. रोहिणी हट्टंगडी यांनी ही उणीव अभिनयाने बऱ्याच अंशी भरून काढली आहे. स्वतः तिशीच्या आसपास असताना त्यांनी वृद्ध आईच्या हालचालींतील थकवा आणि आशेने उजळणारा चेहरा एकाच वेळी उभा केला. तरीही लेखनाने न दिलेला अवकाश अभिनय पूर्णपणे निर्माण करू शकत नाही.

दुसरी मर्यादा उत्तरार्धाची आहे. मुख्यमंत्री जुना विद्यार्थी निघणे हा योगायोग कथेची गाठ फार सहज सोडवतो. ज्यांचा एकही विद्यार्थी मंत्रालयात नाही, अशा प्रधानांचे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

समारोप

शेवटच्या दृश्यात हे दांपत्य सकाळी बागेत येते. जिथे अजयच्या अस्थींची राख सांडली होती, तिथे फुले उमललेली असतात. पार्वतीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांत आपल्या आयुष्याचा सारांश आहे, अशा आशयाचे प्रधान बोलतात. चित्रपटाचे शीर्षक येथे उलगडते. वरील विवेचनाच्या संदर्भात त्याचा आणखी एक अर्थ संभवतो. संपूर्ण चित्रपटभर स्वतःच्या दुःखासह जगाकडे तोंड करून उभा असलेला हा माणूस अखेरीस पत्नीच्या चेहऱ्याकडे पाहतो. मुलगा परत येत नाही, न्यायानेही नाही आणि पुनर्जन्मानेही नाही; उरतात ती दोघे, एकमेकांची साक्ष म्हणून.

या विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. 'सारांश'मध्ये शोकाचा संबंध व्यवस्थेच्या असंवेदनशीलतेशी जोडला गेला आहे. विधीची पोकळी कार्यालयीन प्रक्रियेने भरली जाणे हे त्याचे प्रभावी रूप आहे.

२. पतीचा शोक संघर्षाच्या आणि पत्नीचा शोक श्रद्धेच्या रूपात व्यक्त होतो; या भेदामागे दोघांना उपलब्ध असलेल्या सामाजिक अवकाशातील विषमता आहे.

३. एका माणसाच्या जागी दुसरे माणूस बसवून शोक संपत नाही, ही चित्रपटाची भूमिका आजही ग्राह्य आहे. मात्र ती पार्वतीच्या तोंडून आली असती, तर अधिक परिपूर्ण ठरली असती.