रिकामी कबर आणि संजीवन समाधी : मराठी ख्रिस्ती साहित्यातील पुनरुत्थानविचार

मराठीतील ख्रिस्ती साहित्याचा अभ्यास आपल्याकडे प्रामुख्याने भाषेच्या अंगाने झाला आहे. फादर स्टीफन्स यांचे नाव निघाले की त्यांनी केलेल्या मराठीच्या गौरवाचा उल्लेख होतो. रेव्हरंड टिळकांचे नाव निघाले की फुलामुलांची कविता आठवते, आणि लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' विनोद व बोलीच्या सहजतेसाठी वाखाणले जाते. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्या श्रद्धेतून हे साहित्य निर्माण झाले तिच्या मध्यवर्ती विधानाशी आपली समीक्षा क्वचितच भिडते. ते विधान म्हणजे येशूचे पुनरुत्थान. इ. स. ५५ च्या सुमारास करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौलाने स्पष्ट बजावले आहे की, ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेशही व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. ज्या गोष्टीवर श्रद्धावंत स्वतः एवढे सर्वस्व पणाला लावतो ती बाजूला ठेवून त्याच्या वाङ्मयाचे मूल्यमापन कितपत पूर्ण ठरेल, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'अनास्तासिस' असा असून त्याचा अर्थ 'उठून उभे राहणे' असा आहे. त्यातील धातू आणि संस्कृतातील 'स्था' हा धातू एकाच कुळातील. त्यामुळे 'पुनरुत्थान' हा प्रतिशब्द केवळ अर्थाने नव्हे, तर घडणीनेही मुळाच्या अगदी जवळ बसतो. अडचण आहे ती वेगळीच. मराठी मनात 'उत्थान' म्हटल्याबरोबर कार्तिकातील प्रबोधिनी एकादशी उभी राहते. विष्णू शयनातून उठतो आणि चातुर्मास संपतो. पण ते उत्थान दरवर्षीचे, ऋतुचक्राशी बांधलेले आहे. ईस्टरही दरवर्षी वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणाऱ्या रविवारी, म्हणजे बहुधा चैत्रातच येतो. तथापि ख्रिस्ती श्रद्धेनुसार त्यामागील घटना एकदाच, पंतय पिलात या रोमन अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत घडली. पुनर्जन्माशी तर तिचा संबंधच नाही. पुनर्जन्मात आत्मा दुसरा देह धारण करतो. पुनरुत्थानात तोच येशू, हातापायांवरील खिळ्यांचे व्रण घेऊन, शिष्यांसमोर उभा राहतो. व्रण पुसले गेलेले नाहीत, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

हिंगोली जिल्ह्यातील वाचकाला या विचारासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाणारे गाव याच जिल्ह्यात आहे. नामदेवांच्या चरित्रपरंपरेतील मेलेली गाय उठवल्याची कथा सर्वांना परिचित आहे. सुलतान नामदेवांना पकडतो आणि मारलेली गाय जिवंत करून दाखवण्याचे आव्हान देतो. नामदेव हरीचा धावा करतात आणि गाय उठते. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात भैरव रागात नामदेवांच्या नावावर असलेल्या रचनेतही ही कथा येते. तेथे गाय केवळ उठत नाही, ती दूधही देते. ख्रिस्ती परंपरेत हिच्याशी तुलना करायची तर ती लाजराच्या कथेशी करावी लागेल, येशूच्या पुनरुत्थानाशी नव्हे. लाजर कबरेतून बाहेर आला तो आपल्या पूर्वीच्याच आयुष्यात परतला, आणि पुढे कधीतरी तो पुन्हा मेला असणार. ती गायही. पौलाच्या मते ख्रिस्त उठला तो पुन्हा न मरण्यासाठी. पेरलेले बी आणि उगवलेले रोप यांत जेवढे सातत्य आणि जेवढा फरक, तेवढाच पूर्वीच्या आणि उठवलेल्या देहात असतो, हा दृष्टान्त त्याने दिला तो याचसाठी. मात्र दोन्ही कथांत एक साम्य आहे आणि ते नजरेआड करू नये. नामदेवांच्या कथेत मृत्यू सत्तेच्या हुकमाने आलेला आहे, आणि क्रूसावरील मृत्यू ही तर सरळसरळ राज्यसत्तेने दिलेली देहान्त शिक्षा होती. दोन्हीकडे सत्तेचा निकाल अखेरचा ठरत नाही.

याहून सूक्ष्म तुलना समाधीची आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीस संजीवन समाधी घेतली. त्या प्रसंगाचे करुण वर्णन नामदेवांच्या नावावरील समाधीच्या अभंगांत आहे. वारकऱ्याच्या भावनेत ज्ञानेश्वर तेथे आजही आहेत, म्हणूनच तो आळंदीला जातो. येशूच्या कबरेचे माहात्म्य याच्या नेमके उलट आहे. ती रिकामी आहे, तो 'येथे नाही', म्हणूनच ती वार्ता ठरते. समाधीत मृत्यूला बगल दिली जाते, तर पुनरुत्थानात मृत्यू पुरता भोगल्यावर त्याचा पराभव होतो. यांतील श्रेष्ठ कोणते हे ठरवणे समीक्षेचे काम नव्हे. परंतु एकीकडे भक्ताचे पाऊल स्थानाकडे वळते आणि दुसरीकडे ते स्थानापासून परत माणसांकडे, रस्त्याकडे, जेवणाच्या पंगतीकडे वळवले जाते, हा फरक दैनंदिन जीवनाच्या दृष्टीने मोठा आहे. लूकच्या शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवर दोघे शिष्य उठलेल्या येशूबरोबर मैलोन् मैल चालतात, शास्त्रचर्चा करतात, पण त्याला ओळखत नाहीत. तो भाकर मोडून देतो तेव्हाच त्यांना ओळख पटते.

मराठीत ही कथा विस्ताराने प्रथम आणली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ दोन भागांत असून दुसऱ्या पुराणाची परिणती येशूचा मृत्यू, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण यांत होते. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द बिनदिक्कत वापरणारा हा कवी भाषांतराच्या प्रश्नात आजच्या अनेकांपेक्षा धीट होता. तथापि पुराण या प्रकाराची स्वतःची एक ओढ असते, ती विजयाची. पुराणात देव जिंकतो, असुर हरतात, श्रोता निश्चिंत होतो. ज्या साष्टीत हे पुराण ऐकले गेले तेथे मंदिरे पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर गावकऱ्यांच्या प्रमुखांना कपटाने ठार करण्यात आले. राज्यसत्तेने ठार केलेल्या माणसाची कथा येथे राज्यसत्तेच्या छायेत सांगितली जात होती. ग्रंथाच्या काव्यगुणांना यामुळे बाध येत नाही. पण विजयाच्या सुरात व्रणांकडे दुर्लक्ष होण्याचा धोका येथे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पुनरुत्थानाच्या श्रद्धेवरील सर्वांत गंभीर आक्षेपही महाराष्ट्रातूनच आला आहे, आणि तो सामाजिक स्वरूपाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीविषयीच्या आपल्या लेखनात दाखवून दिले की, ख्रिस्ती झाल्यानंतरही त्यांची जात सुटली नाही. आपल्या दुःखाचे मूळ समाजरचनेत न पाहता वैयक्तिक पापात पाहण्याची शिकवण त्यांना मिळाली, त्यामुळे लढण्याची प्रेरणाच क्षीण झाली, अशी त्यांची टीका होती. मराठवाड्याला हा प्रश्न परका नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली ती प्रामुख्याने अस्पृश्य समाजातील ख्रिस्ती कुटुंबांसाठीच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित झाल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात समाविष्ट झाले, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. मृत्यूनंतरच्या सुखाचे आश्वासन एवढाच जर पुनरुत्थानाचा अर्थ असेल, तर आंबेडकरांच्या आक्षेपाला उत्तर नाही.

'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचावयास हवे ते या प्रश्नाच्या उजेडात. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. धर्मशास्त्रात पतितासाठी घटस्फोटाचा विधी सांगितला आहे. जिवंत माणसाला मेलेला मानून त्याच्या नावाने पाण्याचा घट उपडा करावयाचा. टिळकांच्या बाबतीत तो विधी झाला की नाही हा येथे प्रश्न नाही. त्या काळी धर्मांतर म्हणजे सगेसोयऱ्यांच्या लेखी मरण होते, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे. लक्ष्मीबाई काही वर्षे लहान मुलाला घेऊन पंढरपूर आदी ठिकाणी नातलगांत राहिल्या. पती जिवंत, आणि तरी नसल्यासारखा. पुढे त्या त्याच्याकडे परतल्या, पण सोवळेओवळे सोडले नाही. त्याच घरात स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. जो सर्वांच्या दृष्टीने मेला होता तो समोर बसला आहे, बोलतो आहे, आणि त्याच्या ताटातले खाता येत नाही. अम्माऊसच्या वाटेवरचे न ओळखणे याहून निराळे काय असते?

हा पेच सुटतो तो प्रवचनाने नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाई स्वतःशी सोडवतात. देवाने तो केलेला नाही असा निर्णय झाल्यावर कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास त्या सिद्ध होतात. हे बाप्तिस्म्याच्या आधी घडते. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. म्हणजे नव्या जीवनाचा आरंभ पाण्याच्या भांड्यापाशी झाला आणि संस्काराने त्यावर नंतर मोहोर उमटवली. समीक्षक या प्रसंगाकडे सामाजिक सुधारणेचा दाखला म्हणून पाहतात. माझ्या मते तो त्याहून अधिक आहे. भाकर मोडताना ओळख पटणे याचा मराठी, ब्राह्मणी स्वयंपाकघरातील अर्थ इतक्या साधेपणाने दुसऱ्या कोणीही लिहिलेला नाही. मात्र आंबेडकरांचे म्हणणे याने खोडून निघते असे समजण्याचे कारण नाही. लक्ष्मीबाईंनी जे सोडले ते उच्चवर्णाचे ओझे होते. ज्याला पाणी नाकारले गेले त्याच्या दृष्टीने ही कथा अजून लिहावयाची आहे, आणि १९८० नंतर अरविंद निर्मल आदींनी मांडलेल्या दलित ईशशास्त्राने तिच्याकडेच बोट दाखवले.

टिळकांच्या बाजूने दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते. दुसरी गोष्ट त्यांच्या मृत्यूची. ९ मे १९१९ रोजी ते वारले, आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे दहन झाले. दफन हे पुनरुत्थानाच्या आशेचे चिन्ह मानणाऱ्या समाजात ही इच्छा सोपी नव्हती. रोमन कॅथलिक चर्चने दहनास मुभा दिली तीही १९६३ मध्ये. देह मातीत जपून ठेवण्यावर देवाचे सामर्थ्य अवलंबून नाही, हा विश्वास त्यामागे असला पाहिजे. पौलाच्या बीजाच्या दृष्टान्ताचे हे एक वाचनच होय.

टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. आरंभीचे थोडे अध्याय त्यांचे, उरलेले लक्ष्मीबाईंनी रचले. त्यामुळे क्रूस, कबर आणि पुनरुत्थान हा भाग, औपचारिक शिक्षण न मिळालेल्या, अक्षरओळख लग्नानंतर झालेल्या एका विधवेच्या वाट्याला आला. चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर प्रथम पाहतात त्या स्त्रिया. योहानाच्या वृत्तान्तात मरीया मग्दालिया ही पहिली साक्षीदार आहे. मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांचा शेवट तर, भ्यालेल्या त्या स्त्रियांनी कोणाला काही सांगितले नाही, या वाक्यावर होतो. त्या काळात स्त्रीच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. 'ख्रिस्तायना'चा हा उत्तरार्ध आज किती महाविद्यालयीन ग्रंथालयांत उपलब्ध आहे आणि तो उघडून 'स्मृतिचित्रे'च्या शेजारी ठेवून वाचण्याची तसदी किती जणांनी घेतली आहे, याचा शोध आपल्या विभागांनी घेण्यासारखा आहे.