कव्वाली

कव्वाली : सूफी संप्रदायाच्या, विशेषतः चिश्ती परंपरेच्या, मेळाव्यांत गायिला जाणारा भक्तिपर समूहगानाचा प्रकार. एक मुख्य गायक व त्याचे साथीदार ढोलक किंवा तबला, बाजाची पेटी आणि टाळ्यांचा ठेका यांच्या साथीने तो सादर करतात. मराठी व्यवहारात मात्र हा शब्द किमान तीन अर्थांनी वापरला जातो : दर्ग्यातील भक्तिगीत, त्या गीतास साजेसा आठ मात्रांचा ठेका आणि चित्रपटात वा रंगमंचावर दोन पक्षांत रंगणारे सवालजवाबी गाणे. एकाच शब्दाचे हे अर्थ परस्परांपासून इतके दुरावले आहेत, की एखाद्या गीतास कव्वाली म्हणावे ते कोणत्या लक्षणावरून, हा प्रश्न समीक्षेस टाळता येत नाही.

व्युत्पत्ती व मूळ अर्थ : अरबी भाषेतील ‘कौल’ म्हणजे उक्ती किंवा वचन. हा शब्द मराठीस परका नाही. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेस मराठेशाहीत दिला जाणारा ‘कौलनामा’, देवाला ‘कौल लावणे’, निवडणुकीतील ‘जनतेचा कौल’ हे सर्व प्रयोग याच शब्दावरून झालेले आहेत. (छपरावरील नपुंसकलिंगी ‘कौल’ हा शब्द वेगळा.) या सर्वांमागे उच्चारलेल्या व म्हणूनच बांधून घेणाऱ्या शब्दाची कल्पना आहे.

एखादी क्रिया वारंवार अथवा व्यवसाय म्हणून करणाऱ्यासाठी अरबीत जी शब्दघडण आहे, तिच्यातून ‘कव्वाल’ हा शब्द सिद्ध झाला. मराठीत रुळलेले दलाल, हमाल व सराफ हे शब्द त्याच घडणीचे होत. दलालाची दलाली, हमालाची हमाली, तशी कव्वालाची कव्वाली. म्हणजेच हा शब्द प्रथमतः कोणत्याही रागाचा, तालाचा वा छंदाचा वाचक नव्हता. वचन पुनःपुन्हा उच्चारणाऱ्याचे ते काम होते. संकुचित पारिभाषिक अर्थाने ‘कौल’ ही कव्वालांची एक विशिष्ट रचनाही आहे. तिचा आधार पैगंबरांचे अली यांच्याविषयीचे वचन असून ती गाऊन मेळाव्याचा आरंभ करण्याचा प्रघात आहे. कौल, कलबाना, नक्श, गुल, तराणा इ. प्रकारांचे जनकत्व परंपरेने अमीर खुसरौ (१२५३–१३२५) यांना दिले आहे.

समा आणि कव्वाली : सूफी ग्रंथांत या गायनासाठी जुना शब्द ‘समा’ हा आहे व त्याचा अर्थ ‘श्रवण’ असा होतो. एकाच घटनेचे गायकाच्या बाजूने पाहिलेले नाव कव्वाली व श्रोत्याच्या बाजूने पाहिलेले नाव समा. अकराव्या शतकात हुजवीरी यांनी आणि त्यानंतर अल्-गझाली (१०५८–११११) यांनी या विषयाचा ऊहापोह केला, तो मुख्यतः श्रोत्याच्या दृष्टीने. योग्य काळ, योग्य स्थळ व योग्य सोबती या समाच्या प्रसिद्ध अटी होत. संगीत चांगले की वाईट, यापेक्षा ते कोण, कोणत्या भावनेने ऐकतो, यावर त्याची ग्राह्यता ठरविली गेली. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया (मृत्यू १३२५) यांची संभाषणे अमीर हसन सिजझी यांनी फवाइद-उल-फुआद या ग्रंथात संकलित केली. तीतही समाची चर्चा आढळते.

ही चर्चा दक्षिणेत येण्यास वेळ लागला नाही. मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास देवगिरी ऊर्फ दौलताबाद येथे राजधानी हलविली, तेव्हा अनेक सूफी इकडे आले. सिजझी यांची कबर खुलदाबाद येथे आहे. तेथेच विसावलेले बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) हे समाचे विशेष अनुरागी म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्या संभाषणांच्या एका संग्रहाचे नाव अहसन-उल-अकवाल (उत्तम वचने) असे असून ‘अकवाल’ हे ‘कौल’चेच अनेकवचन होय. वचन सांगणे, वचन लिहून ठेवणे व वचन गाणे या तिन्ही क्रिया येथे एकमेकींस लागून होत्या.

शहागंजचा दुवा : औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) शहरातील शहागंज ही मोठी बाजारपेठ, तेथील मशीद सुमारे १७२० मधील आहे. याच भागात शाह निजामुद्दीन औरंगाबादी यांचा दर्गा आहे. दिल्लीचे चिश्ती सत्पुरुष शाह कलीमुल्लाह (१६५०–१७२९) यांनी आपल्या या शिष्यास दक्षिणेत पाठविले. गुरूने शिष्यास लिहिलेली पत्रे उपलब्ध असून त्यांत समाविषयीचा उपदेश आहे. समाच्या मेळाव्यांचा अतिरेक करू नये, ध्यानधारणेस अधिक स्थान द्यावे, असे त्याचे तात्पर्य. यामागे धर्मशास्त्रज्ञांच्या विरोधाची जाणीव होतीच. परंतु ऐकण्याची पात्रता असलेले श्रोते दुर्मिळ झाले आहेत, ही चिंताही होती. समाचा पुरस्कार करणाऱ्या परंपरेतूनच समावर घातलेली ही मर्यादा कव्वालीच्या समीक्षेतील एक महत्त्वाचा निकष ठरते. गाणे उत्तम होऊनही श्रवण निष्फळ होऊ शकते, असे तीत गृहीत धरले आहे.

निजामुद्दीन यांचे पुत्र फखरुद्दीन (१७१७–८५) औरंगाबादेत जन्मले व पुढे दिल्लीस जाऊन तेथे विख्यात झाले. त्यांचे शिष्य नूर मुहंमद महारवी यांच्याद्वारे ही शाखा पंजाबात पसरली. दिल्लीहून दक्षिणेत आलेला प्रवाह अशा रीतीने शहागंजातून उत्तरेस परतला. याच शहरातील सिराज औरंगाबादी या अठराव्या शतकातील कवीच्या गझला आजही कव्वाल गातात. त्या मूलतः कव्वालीसाठी लिहिलेल्या नाहीत. गझल हा काव्यप्रकार आहे व कव्वाली ही तो उच्चारण्याची, ऐकविण्याची रीत आहे, हा भेद यावरून स्पष्ट व्हावा.

गायनरीती : कव्वालीची बांधणी श्रोत्याच्या प्रतिसादावर अवलंबून असते. ईश्वरस्तुती, पैगंबरस्तुती व संतस्तुती असा साधारण क्रम असला, तरी कोणती ओळ किती वेळा घ्यावी, हे पूर्वी ठरलेले नसते. ज्या शब्दाने एखादा श्रोता भारावतो तो शब्द, त्याची अवस्था ओसरेपर्यंत, कव्वाल आळवीत राहतो. यास तकरार म्हणतात. चालू ओळीस दुसऱ्या काव्यातील समर्पक ओळ जोडणे यास ‘गिरह लावणे’ अशी संज्ञा आहे. टाळ्या आणि ढोलक यांचे कार्य या पुनरुक्तीस आधार देण्याचे आहे. बाजाची पेटी ही तर एकोणिसाव्या शतकानंतरची भर होय. तिच्यापूर्वीही कव्वाली होतीच. सारांश, वाद्ये व ठेका ही कव्वालीची साधने असून तिचे लक्षण नव्हेत.

कव्वालांचा अभिजात संगीताशीही निकटचा संबंध आहे. ख्यालगायकांत ‘कव्वाल बच्चे’ म्हणून एक परंपरा मानली जाते. त्या परंपरेतील बडे महंमदखाँ यांची तानबाजी ग्वाल्हेरच्या हद्दूखाँ व हस्सूखाँ यांनी आत्मसात केली, असे सांगतात. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय मुख्यतः बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना दिले जाते. त्यामुळे येथील ख्यालाच्या पूर्वजांतही कव्वालाचा वाटा आहे, असे म्हणण्यास आधार मिळतो.

आधुनिक उपयोग : चित्रपटाने या शब्दाचा प्रसार केला व अर्थ पालटला. झीनत (१९४५) मधील स्त्रियांनी गायिलेली कव्वाली अत्यंत लोकप्रिय झाली. दर्ग्यातील गायन परंपरेने पुरुषांचे असल्यामुळे ही घटना लक्षणीय होय. पुढे शकीला बानू भोपाली यांनी रंगमंच गाजविला. इस्माईल आझाद यांची अल हिलाल (१९५८) मधील कव्वाली घराघरांत पोहोचली. स्त्री-पुरुषांच्या दोन पक्षांतील ‘मुकाबला’ हे कव्वालीचे जणू अंगभूत रूपच ठरले. येथे श्रोता समोरचा भाविक न राहता प्रतिस्पर्धी झाला आणि पुनरुक्तीची जागा प्रत्युत्तराने घेतली. तथापि सर्वच चित्रपटीय कव्वाली एका मापाने मोजणे योग्य नाही. बरसात की रात (१९६०) या चित्रपटातील साहिर लुधियानवी व संगीतकार रोशन यांची दीर्घ कव्वाली स्पर्धा म्हणून सुरू होते. परंतु अखेरीस राधा, सीता व मीरा यांच्यापासून बुद्ध व येशू यांच्यापर्यंत प्रेमतत्त्वाचा शोध घेता घेता जय-पराजय निरर्थक ठरतो. उसने घेतलेले रूप येथे मूळ आशयाकडे परतले आहे. याउलट केवळ टाळी व ठेका उचलून कव्वाली म्हणविणारी असंख्य गीते या शब्दाचा बाह्य वेषच तेवढा धारण करतात. नुसरत फतेह अली खाँ (१९४८–९७) यांनी १९८५ मध्ये इंग्लंडमधील ‘वोमॅड’ महोत्सवात गायन केल्यानंतर भाषा न समजणारा श्रोताही कव्वालीस लाभला. त्याने स्वर मनापासून ऐकला. वचन मात्र त्याच्यापर्यंत पोहोचले नाही.

महाराष्ट्रात या शब्दाचा एक स्वतंत्र विस्तार आंबेडकरी गायनात झाला. विदर्भ-मराठवाड्यासह सर्वत्र भीमजयंतीच्या व अन्य कार्यक्रमांत कव्वालीच्या धाटणीची गीते रात्ररात्र रंगतात. नागोराव पाटणकर, गोविंद म्हशीलकर यांसारखे गायक ‘कव्वाल’ म्हणूनच ओळखले गेले. येथे संतस्तुतीच्या जागी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे विचार आले व गुरुशिष्यपरंपरेच्या जागी समाजजागृती आली. विषयावरून पाहता ही कव्वाली नव्हे, असे कर्मठ अभ्यासक म्हणेल. परंतु उद्धारकाचे वचन त्याच्या अनुयायांच्या मेळाव्यात पुनःपुन्हा उच्चारणे, श्रोत्यांनी उचलून धरलेली ओळ आळवीत राहणे व ऐकणाऱ्याच्या आचरणात बदल अपेक्षिणे, ही मूळ शब्दातील सर्व अंगे येथे आढळतात. व्युत्पत्तीच्या कसोटीवर ही गीते अनेक चित्रगीतांपेक्षा ‘कव्वाली’ या नावास अधिक पात्र ठरतात.

मूल्यमापन : कव्वाली हा शब्द ठेक्याचे नाव म्हणून स्वीकारला, तर तिची व्याख्या सोपी होते, पण तिचे मर्म सुटते. ती केवळ दर्ग्यापुरती मर्यादित केली, तर शब्दाचा सात शतकांचा जिवंत प्रवास नाकारावा लागतो. उच्चारलेले वचन आणि त्यास साक्षी असलेला श्रोता या दोहोंच्या संबंधावर तिची ओळख ठरविणे हेच अधिक युक्त होय. कलीमुल्लाह यांच्या पत्रांतील चिंता नेमकी याच संबंधाविषयी होती. ‘कौल’ देणाऱ्यास तो घेणारा असावा लागतो, ही मराठी भाषेने जपलेली जाण कव्वालीच्या समीक्षेसही मार्गदर्शक आहे.