दुसऱ्याच्या तोंडचा ‘मी’

ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘नेब्रास्का’ या १९८२ च्या अल्बममधलं ‘हायवे पेट्रोलमन’ सुरू होतं ते जबाब नोंदवल्यासारखं. जो रॉबर्ट्स हा पोलीस सार्जंट आधी आपलं नाव आणि नोकरी सांगतो. लगेच विषय भावाचा निघतो. फ्रँकी लहानपणापासून वाह्यात, आणि त्याला सांभाळून घेण्याचं काम जोचं. एरवी कुणाला सोडत नाही, पण भावापुढे कायदा थोडा वाकवतो, हे तो स्वतःच कबूल करतो.

दुसऱ्या कडव्यात गीतकाराची खरी ताकद दिसते. १९६५ साली फ्रँकी सैन्यात गेला. जोला शेतीमुळे सूट मिळाली, त्यानं मारियाशी लग्न केलं. गव्हाचे भाव कोसळत गेले, ६८ साली भाऊ परतला आणि जोनं पोलिसाची नोकरी धरली. चारच ओळींत युद्ध, शेतीची पडझड आणि एक संसार येऊन जातो. पण ध्रुवपदात जो आठवण सांगतो ती दोघं भाऊ मारियाशी आळीपाळीनं नाचायचे त्या रात्रींची. म्हणजे एक भाऊ लढायला गेला आणि दुसरा मारियासोबत घरी राहिला. फ्रँकीच्या मनात काय होतं, याबद्दल गाण्यात चकार शब्द नाही. जोच्या माफीमागे नुसती माया नसून जुन्या ऋणाचं ओझंही असावं, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. स्प्रिंगस्टीन ते उघड बोलला असता तर गाणं तिथंच संपलं असतं.

ध्रुवपदाचे शब्द फारसे बदलत नाहीत; घरच्या माणसाकडे पाठ फिरवू नये, एवढाच त्यांचा आशय. पहिल्यांदा त्यात अभिमान ऐकू येतो. शेवटच्या कडव्यात दारूच्या अड्ड्यावर एक पोरगा डोक्यातून रक्त वाहत पडलेला आहे आणि लोक फ्रँकीचं नाव घेतात. जो पाठलाग करतो, कॅनडाची सरहद्द पाच मैलांवर आल्याची पाटी दिसते, तिथं तो आपली गाडी बाजूला घेतो आणि भावाला जाऊ देतो. त्यानंतर तेच ध्रुवपद परत येतं तेव्हा तो स्वतःची समजूत घालतोय की गुन्हा कबूल करतोय, सांगता येत नाही. जमिनीवर पडलेल्या त्या पोराचं काय झालं, हे आपल्याला कधीच कळत नाही.

निवाडा न करता पात्राच्या तोंडून बोलायचं, ही रीत त्यानं तेव्हाच्या वाचनातून आणि चित्रपटांतून घडवली. टेरेन्स मॅलिकचा ‘बॅडलँड्स’ पाहून तो चार्ल्स स्टार्कवेदरच्या १९५८ च्या हत्याकांडाकडे वळला. त्यावरचं ‘नेब्रास्का’ हे शीर्षकगीत सुरुवातीच्या मसुद्यांत तृतीय पुरुषात होतं. पुढे तिथं ‘मी’ आला आणि खुनी स्वतः शांतपणे बोलू लागला. कारण विचारल्यावर तो जगातल्या दुष्टपणाकडे बोट दाखवतो. फ्लॅनरी ओ’कॉनरच्या कथांचं ऋण इथं स्पष्ट आहे. त्या काळात स्प्रिंगस्टीन त्या कथा झपाटून वाचत होता.

त्याआधीच्या ‘द रिव्हर’ या अल्बमनं त्याला मोठं यश दिलं होतं. तरी १९८२ च्या जानेवारीत, न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेकच्या भाड्याच्या घरात, शयनगृहात चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर त्यानं ही गाणी एकट्यानं ध्वनिमुद्रित केली. बँडला चाली ऐकवण्यापुरता तो कच्चा खर्डा होता. पुढे आपल्या ई स्ट्रीट बँडसोबत स्टुडिओत ती वाजवून पाहिली, पण वाद्यं वाढली की माणसं मागे सरकू लागली. शेवटी खिशात वेष्टनाविना फिरवलेली तीच कॅसेट अल्बम म्हणून बाहेर आली. ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’चा पहिला खर्डाही त्याच कॅसेटवरचा. बँडच्या दणदणाटात ते गाणं मात्र फुललं आणि पुढच्या अल्बमसाठी राखून ठेवलं गेलं. कोणत्या गाण्याला गर्दी मानवते आणि कोणत्याला नाही, हे ओळखणं हासुद्धा गीतकाराच्या कामाचाच भाग, असं मी मानतो.

गाण्यांचा क्रमही ऐकण्यासारखा आहे. ‘हायवे पेट्रोलमन’ला लागूनच ‘स्टेट ट्रूपर’ येतं. गिटारचा एकच ठोका अडून बसल्यासारखा चालत राहतो. ‘सुसाइड’ या न्यूयॉर्कच्या जोडगोळीच्या ‘फ्रँकी टिअरड्रॉप’चा हा संस्कार. अंधारात गाडी हाकणारा एक निनावी माणूस पोलिसानं आपल्याला अडवू नये म्हणून विनवतो आणि शेवटाकडे अचानक किंचाळतो. हा फ्रँकीच, असं स्प्रिंगस्टीन कुठंही सुचवत नाही. तरीही सलग ऐकताना मला त्या गाडीत तोच दिसतो, आणि जोनं त्याला सोडून काय केलं याचा अंदाज त्या किंकाळीवरून येतो.